घरात पाणी शिरलं, आता क्लेमचं काय? वाचकांची पत्रं

घरात पाणी शिरल्याबद्दल या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण मला कोल्हापूर-पुणे पट्ट्यात सर्व्हेअर, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी नुकसानीची पाहणी करणारी, म्हणून काम करताना सतत दिसायची. नुकसान खरं असतं, पॉलिसी खरी असते, आणि तरीही माणूस हात हलवत परततो. तसं होऊ नये, एवढ्यासाठी मी हे सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं निवृत्त, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीत मुलीकडे नागपूरला गेलो होतो. परत आलो तर दाराखालून पाणी वाहत होतं. मधल्या बाथरूममधल्या गिझरचा कनेक्शन पाईप तुटला होता. बेडरूमचं लाकडी फ्लोअरिंग फुगलं, किचनच्या ट्रॉल्यांच्या खालच्या फळ्या सुजल्या, सोफा आणि एक गादी गेली. खालच्या फ्लॅटमधलं हॉलचं पीओपीसुद्धा पडलं. आमची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, घराची आणि सामानाची. सर्व्हेअर पाहून गेले. ‘पाईप जुना होता, हे वेअर अँड टेअर आहे’, म्हणजे वापरानं झालेली झीज, असं तोंडी म्हणाले. किचन सामानात धरता येणार नाही, असंही म्हणाले. खालचे शेजारी आमच्याकडे भरपाई मागत आहेत. गादीला कुबट वास येतोय, ती टाकून देऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काका, आधी गादी. आज टाकू नका, पण घरात ठेवून स्वतःची तब्येतही बिघडवू नका. गॅलरीत, पार्किंगमध्ये, सोसायटी परवानगी देईल तिथे ठेवा. चारही बाजूंनी फोटो काढा आणि कंपनीला दोन ओळींची मेल टाका : ‘भिजलेली गादी व सोफा आरोग्याच्या कारणासाठी घराबाहेर हलवले आहेत. अमुक तारखेपर्यंत पाहणी करावी, नाहीतर विल्हेवाट लावावी लागेल.’ सर्व्हेअरांनी या वस्तू आधीच पाहिल्या असतील, तर ‘टाकायला हरकत नाही’ एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. न विचारता भंगारवाल्याला दिलेल्या वस्तूवरून पुढे फार वाद होतात. क्लेमच्या रकमेतून भंगाराची किंमत वजा होते, म्हणून कंपनीला त्या वस्तूचं काय झालं हे कळायला हवं असतं.

आता मुख्य गोष्ट, पाईप. तो तुटलेला पाईप प्लंबरनं कचऱ्यात टाकला नसेल अशी आशा करते. असेल तर पिशवीत घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. पाण्याच्या क्लेममध्ये पाणी कुठून आलं आणि कसं आलं, एकदम की महिनोन्महिने झिरपत, यावर सगळं ठरतं. भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी प्रमाणित पॉलिसी आहे, एप्रिल २०२१ पासून. आग, भूकंप, वादळ, पूर यांच्याबरोबर तिच्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा ओसंडणं हा धोका नाव घेऊन लिहिलेला आहे. तुमचा प्रसंग बरोबर त्यात बसतो.

सर्व्हेअरांचं म्हणणं अर्धं समजण्यासारखं आहे. पाईप जुना होऊन झिजला असेल, तर त्या पाईपची किंमत कंपनी देणार नाही, आणि ती काही फार नसते. पण त्यातून आलेल्या पाण्यानं जे फ्लोअरिंग फुगलं, ते झिजेनं फुगलेलं नाही. ते एका रात्रीत पाण्यानं फुगलं. या दोन नुकसानांची गल्लत होऊ द्यायची नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं.

मग पाणी एकदम आलं हे दाखवायचं कसं? घर स्वतः सांगतं, फक्त ते पुसून टाकायच्या आधी टिपून ठेवायला हवं. खूप दिवस झिरपलेल्या भिंतीवर लोणा धरतो, पांढरी पूड सुटते, रंगाचे फुगवटे एकावर एक कडी करून दिसतात, कोपऱ्यात काळी बुरशी असते, खिळे आणि बिजागऱ्या गंजलेल्या असतात. अचानक आलेल्या पाण्याची खूण वेगळी. सगळ्या खोल्यांत ओल साधारण सारख्याच उंचीपर्यंत असते, फळ्या फक्त तळाशी सुजतात आणि वरचा भाग कोरडा करकरीत असतो. तुमच्या ट्रॉल्यांच्या फळ्या किती इंचांपर्यंत फुगल्यात, ते टेप लावून फोटोत दिसेल असं टिपा. भिंतींवरची ओल अजून गेली नसेल तर तीही. आणि कृपा करून लगेच रंग काढायला घेऊ नका. प्लास्टर आतून वाळायला वेळ लागतो. घाईनं मारलेला रंग पुन्हा सुटतो आणि क्लेमचा पुरावाही त्याच्याखाली जातो.

पुराव्याच्या आणखी काही गोष्टी तुमच्या इमारतीतच आहेत. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये पाणी दिसल्याची नोंद असेल तर तिचा फोटो घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘तिसऱ्या मजल्यावरून पाणी येतंय’ असं लिहिलं असेल, तर तो मेसेज वेळेसकट जपा. खालच्या मजल्यावर पाणी त्याआधी कधीच आलं नव्हतं, असं खालचे शेजारी लिहून देत असतील तर ते सोन्यासारखं आहे. प्लंबरकडून त्याच्या बिलावरच एक ओळ लिहून घ्या : नट कुठे तुटला, पाईप कुठे उसवला, कुठल्या तारखेला बदलला. नागपूरची रेल्वे तिकिटं ठेवा, म्हणजे घर बंद होतं हेही सिद्ध होतं.

किचनबद्दल सर्व्हेअर ‘सामानात नाही’ म्हणाले, ते बरोबर असू शकतं. पण त्याचा अर्थ ते क्लेममध्येच नाही, असा होत नाही. भिंतीला, जमिनीला कायम बसवलेल्या गोष्टी या पॉलिसीत इमारतीत धरल्या जातात. ट्रॉल्यांची बसवलेली कपाटं, बेडरूमचं चिकटवलेलं फ्लोअरिंग इमारतीच्या बाजूला मांडा. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, सोफा, गादी, कपडे सामानाच्या बाजूला. एसी भिंतीवर असला तरी सामानातच येतो. दोन वेगळ्या याद्या करा. सामानाची रक्कम वेगळी घोषित केली नसेल, तर या पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सर्वसाधारण सामान आपोआप धरलेलं असतं. सोनं, चित्रं असल्या मौल्यवान वस्तू मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात.

दुरुस्तीचा अंदाज आणताना सुताराला एकरकमी आकडा लिहू देऊ नका. ‘किचन दुरुस्ती, दीड लाख’ अशा कागदावर सर्व्हेअर हमखास कात्री चालवतो, आणि त्याची चूकही नसते, कारण त्याला काहीच तपासता येत नाही. कुठली फळी, किती चौरस फूट, कुठलं प्लाय, सनमायकाचा दर, मजुरी, जुनं काढून टाकण्याचा खर्च, हे सुटं सुटं हवं. जे होतं त्याच दर्जाचं लिहा. आधी पार्टिकल बोर्ड होतं आणि आता मरीन प्लाय बसवायचं असेल, तर वरचा फरक तुमचा. प्रामाणिक यादी लवकर मंजूर होते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आवर्जून सांगावंसं वाटतं.

विमा रक्कम प्रत्यक्ष किमतीपेक्षा कमी घेतली होती म्हणून प्रमाणात कपात करण्याची पद्धत जुन्या पॉलिसींत असायची. भारत गृह रक्षेत ती नाही. कुणी तसा हिशेब पुढे केला, तर पॉलिसीची प्रत समोर ठेवा.

‘वेअर अँड टेअर’ हे तोंडी ऐकून गप्प बसू नका, पण भांडूही नका. सर्व्हेअर नुकसान मोजतो आणि मत देतो, क्लेम मंजूर करायचा की नाही हे कंपनी ठरवते. नुकसान पहिल्यांदा दिसल्यापासून ३० दिवसांच्या आत क्लेमचा भरलेला फॉर्म कंपनीकडे पोचायला हवा, तो गेला नसेल तर आधी पाठवा. मग मेल करा : पॉलिसीतील ‘पाईप फुटणे व ओसंडणे’ या कलमाखाली क्लेम केला आहे, त्याचा विचार व्हावा, आणि सर्व्हे अहवालाची प्रत मिळावी. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. या तारखा वहीत मांडून ठेवा.

कंपनीनं नाकारलं किंवा फार कमी रक्कम दिली, तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. लोकपालांचं कार्यालय पुण्यातही आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. आणि कंपनी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाल्याच्या पावतीवर सही मागेल तेव्हा घाबरू नका. पैशांची गरज असेल तर घ्या. अशी सही केल्यानं पुढे दाद मागायचा हक्क संपत नाही, हे नियामकानं २०१५ मध्येच कंपन्यांना कळवलेलं आहे. तरीही सहीजवळ ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून’ असं लिहायची सवय चांगली.

राहिले खालचे शेजारी. इथे मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण क्लेम कधीतरी संपेल, पण त्याच जिन्यावरून रोज जायचंय. तुमची पॉलिसी तुमच्या घराची आहे. दुसऱ्याच्या घराच्या नुकसानीची जबाबदारी मूळ भारत गृह रक्षेत येत नाही, काही कंपन्या ती जोड म्हणून देतात, तेव्हा तुमच्या कागदांत ती आहे का पाहा. नसेल तर शेजाऱ्यांना विचारा, त्यांची स्वतःची घरविमा पॉलिसी आहे का? असल्यास त्यांनी त्यांच्या कंपनीकडे क्लेम करावा. पाणी वरून आलं म्हणून तो क्लेम नाकारता येत नाही. पुढे त्यांच्या कंपनीला तुमच्याकडून वसुली मागता येते, पण त्यासाठी तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि बंद घरात अचानक तुटलेला पाईप म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे. त्यांचा विमा नसेल, तर स्वतः खाली जा, नुकसान बघा, पीओपीवाल्याचा अंदाज दोघांनी मिळून घ्या आणि जमेल तेवढं वाटून घ्या. लाखभर रुपये लगेच लिहून द्यायची गरज नाही, आणि दार लावून बसायचीही नाही.

प्रश्न : आमचं घर सांगलीत तळमजल्यावर. २०१९ ला पाणी छातीएवढं होतं, बिलं-कागद सगळं गेलं. तेव्हा विमा नव्हता. आता पॉलिसी घेतली आहे. पुन्हा वेळ आली तर काय हाताशी हवं? तलाठ्याचा पंचनामा विमा कंपनीला चालतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही पाणी येण्याआधी विचारताय, याचं मला फार बरं वाटलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी चढायला लागल्यावर पॉलिसी घ्यायला धावणाऱ्यांना कुणी मदत करू शकत नाही.

आज संध्याकाळी एक काम करा. मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून दारापासून मागच्या अंगणापर्यंत सावकाश फिरा. कपाटं उघडी, शेल्फ उघडे. फ्रीज, मशीन, टीव्ही यांच्या मागच्या स्टिकरवरचे क्रमांक वाचता येतील असे घ्या. बोलत बोलत सांगा, कधी घेतलं, साधारण कितीला. तो व्हिडिओ सांगलीबाहेरच्या नातलगाला पाठवा आणि स्वतःला मेल करून ठेवा. बिलं गेली तरी बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन खरेदीची नोंद, वॉरंटीची नोंदणी, घरातल्या मुंजीचे किंवा बारशाचे फोटो ज्यात मागे तो फ्रीज दिसतो, असं सगळं चालतं. नियामकानं कंपन्यांना सांगितलेलं आहे की क्लेमशी खरोखर संबंध असलेलेच कागद मागावेत आणि केवळ कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारू नये. २०१९ ला तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून इथे पुन्हा लिहिलं.

पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो विमा सर्व्हेच्या जागी चालत नाही. पण त्याची प्रत क्लेमला जोडा, घरात पाणी होतं हे त्यातून दिसतं. सरकारी मदत घेतली म्हणून विम्याचा हक्क जात नाही.

पाणी ओसरल्यावर गाळ काढायच्या आधी भिंतीवरची रेषा टिपा, जमिनीपासून टेप लावून. ही रेषा सगळ्यात बोलका पुरावा, आणि पाईप लावून भिंती धुतल्या की ती तासाभरात जाते. धोक्याची पातळी ४५ फूट असलेल्या आयर्विन पुलाजवळ २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशी त्या दिवसाची पातळी छापलेलं वर्तमानपत्रही जपून ठेवा.

भिजलेला फ्रीज, टीव्ही चालू होतोय का बघायला प्लग लावू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय शॉर्ट सर्किटनं त्याच उपकरणाचं झालेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं. पुरानं गेलेल्या फ्रीजचा क्लेम त्या एका क्षणात शॉर्ट सर्किटचा होऊन बसतो. मेकॅनिककडून ‘पाण्यात बुडाल्यामुळे’ असं कारण लिहून घ्या. दुचाकीही चालू करू नका. तिचा क्लेम घराच्या नव्हे, गाडीच्या पॉलिसीत.

आणखी दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं भाडं या पॉलिसीत धरता येतं, तेव्हा मिरजेत किंवा कुठे खोली घेतलीत तर भाडेपावती आणि करार ठेवा. आणि पुरात घर रिकामं असताना चोरी झाली, तर घटनेपासून सात दिवसांच्या आतली चोरी पॉलिसीत येते, पोलिसांत तक्रार मात्र हवी. रोख रक्कम आणि महत्त्वाची कागदपत्रं यांचं नुकसान पॉलिसी भरून देत नाही. ती वरच्या मजल्यावर किंवा बँकेत हलवण्याला पर्याय नाही.

प्रश्न : घरासाठी कर्ज घेताना बँकेनं ‘होम लोन इन्शुरन्स’ काढला होता. गेल्या पावसाळ्यात घरात पाणी आलं, पण कंपनी म्हणते ही पॉलिसी त्यासाठी नाही. फसवणूक आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा तो कर्जदाराचा आयुर्विमा आहे. कर्ज घेणाऱ्याचं बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज फेडणारा. घराच्या भिंतींशी त्याचा संबंध नाही. पण काही बँका दोन्ही काढतात, तेव्हा कर्जाच्या कागदांत आग आणि इतर धोक्यांची वेगळी पॉलिसी आहे का, हे शाखेत लेखी विचारा. ती असेल तर दोन गोष्टी बघा. बऱ्याचदा ती फक्त इमारतीची असते, सामानाची नाही. आणि तीत बँकेचं नाव असल्यामुळे इमारतीच्या क्लेमची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. घर विकत घेताना इतके कागद पुढे येतात की हा फरक कुणाच्याही नजरेतून सुटेल. विकणाऱ्यानं तो समजावून सांगायला हवा होता, आणि तुमची नाराजी मला रास्त वाटते.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत सर्वांत वरच्या मजल्यावर. दरवर्षी जून ते सप्टेंबर गच्चीतून छत गळतं, रंग जातो, पंख्यात पाणी येतं. विमा घेतला तर खर्च मिळेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही मिळणार, आणि मिळेल असं सांगून कुणी पॉलिसी विकत असेल तर घेऊ नका. दरवर्षी होणारं झिरपणं अचानक घडलेली घटना नाही. पण तुमचा खर्च कुणाचा आहे हे स्पष्ट आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) पावसाचं, बाहेरच्या सामाईक पाईपचं आणि ड्रेनेजचं सगळं गळणं दुरुस्त करणं सोसायटीची जबाबदारी आहे. गच्चीच्या गळतीनं वरच्या मजल्याच्या छताचं आणि प्लास्टरचं नुकसान झालं, तर तेही सोसायटीनं स्वतःच्या खर्चानं करायचं. सचिवांना फोटोंसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मार्चच्या आत वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन मागवण्याची मागणी त्यातच लिहा, कारण मे महिन्यात चांगले कारागीर मिळत नाहीत. सोसायटीनं दाद दिली नाही, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. तोवर त्या पंख्याचा मेन स्विच बंद ठेवा आणि वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका.